शकुंतलेची रूळवाट

मूर्तिजापूर स्टेशनातून मुंबई-हावडा लाइनीच्या गाड्या दिवसरात्र जातात. त्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. याच स्टेशनातून अडीच फुटांची एक धाकटी लाइन निघते. तिचा एक हात उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला पोचतो, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. अचलपूरची बाजू सुमारे ७६ किलोमीटर, यवतमाळची सुमारे ११३. अमरावती, अकोला, वाशीम आणि यवतमाळ हे चार जिल्हे तिने एका दोऱ्यात ओवले होते. कागदावरचं तिचं नाव वऱ्हाडात फारसं कुणी घेत नाही. सगळ्यांसाठी ती शकुंतला.

२०१० नंतरच्या दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या एकामागून एक थांबल्या. रूळ मात्र त्याच वेळी कुणी उचलले नाहीत, भराव तसाच राहिला. भरावावर बाभूळ आणि बोरी वाढल्या, आणि वावरात जाणारी माणसं तीच वाट तुडवू लागली. गाडी गेली तरी तिची जागा उरते, आणि या उरलेल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न जगातल्या अनेक देशांपुढे गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभा राहिला. त्यावरचं एक चांगलं उत्तर म्हणजे त्याच जागेवर चालण्यासाठी आणि सायकलसाठी वाट करायची. अशा वाटेला मी रूळवाट म्हणतो. वऱ्हाडात अजून अशी एकही रूळवाट नाही. ती कशी होऊ शकेल आणि झालीच तर कशी चालवावी लागेल, हे या प्रकरणात पाहू.

आधी ही लाइन आलीच का ते पाहायला हवं, कारण वाटेवर जे दिसणार आहे ते सगळं त्यातूनच आलं आहे. उत्तर एका शब्दात: कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम मोल आलं. त्या वेळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी लाइन वऱ्हाडातून जाऊ लागली होती. पण अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या बाजारपेठा तिच्यापासून दूर पडल्या होत्या. तिथली रुई बैलगाड्यांनी स्टेशनावर आणावी लागे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतलं की गाडीवान हतबल होई. जिनिंग-प्रेसिंगमधून बांधून निघालेल्या गाठी थेट मोठ्या लाइनीपर्यंत नेणारी स्वस्त, छोटी रेल्वे हवी होती. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उभी राहिली. किलिक निक्सन ही मुंबईची इंग्रज व्यापारी पेढी तिची व्यवस्थापक होती आणि कंपनीचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. वऱ्हाडातल्या लाइनीला मध्य प्रांताचं नाव कसं, असं कुणी विचारेल. निजामाकडून वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला होता, १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. त्या जोडणीची खूण कंपनीच्या नावात राहिली.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारने घेतल्या, ही मात्र कंपनीच्या मालकीची राहिली आणि मध्य रेल्वे करारानुसार ती चालवत राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून इथे धावत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला विश्रांती मिळाली आणि डिझेल इंजिन आलं. सत्तर वर्षं एकाच कामावर! ज्या शहराच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस निघे, त्याच शहरातून हे इंजिन आलं होतं. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. अचलपूरहून मूर्तिजापूरला यायला चार तास लागत. शेवटच्या काळात गाडीवरची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसंच सगळं करत: फाटक आलं की गाडी थांबवायची, उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे काढायची, फाटक पुन्हा उघडायचं. तिकिटंही तीच देत. गरीब माणसाला परवडणारं दुसरं वाहन नव्हतं, म्हणून लोकांनी या संथपणावर कधी राग धरला नाही.

तरीही लोकांना आज हवी आहे ती रेल्वेच, आणि ते अगदी रास्त आहे. २०१६ मध्ये या लाइनीच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरच्या लोकांनी शकुंतलेसाठी मोर्चे काढले, सत्याग्रह केले. अशा ठिकाणी जाऊन कुणी म्हणालं, "गाडी विसरा, सायकली घ्या," तर लोक त्याला वाटेला लावतील, आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो की रूळवाट ही रेल्वेच्या जागी मागायची वस्तू नाही. रेल्वे येईपर्यंत तिची जागा अखंड राखण्याची ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ तजवीज आहे. हा मुद्दा मला इतका महत्त्वाचा वाटतो की त्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोटारी आणि ट्रकमुळे हजारो मैल रेल्वे तोट्यात गेली. विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही लाइन १९६४ मध्ये बंद झाली. राज्य सरकारने पुढच्याच वर्षी ती जागा विकत घेतली आणि सुमारे ५१ किलोमीटरची वाट सायकलस्वारांसाठी खुली केली. वाटेत तीन बोगदे आहेत आणि आजही लोक हातात विजेरी घेऊन त्यातून जातात. पण दुसरीकडे अनेक लाइनींचं काय झालं? कंपनी उठली, जागा तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, एका तुकड्यावर गोदाम झालं, दुसऱ्यावर घर. रेल्वेची जमीन म्हणजे शंभर किलोमीटर लांबीची आणि जेमतेम काही मीटर रुंदीची पट्टी. तिच्यातला एक तुकडा गेला तरी उरलेली पट्टी रेल्वेसाठी निकामी होते. एवढी सरळ, सलग जमीन पुन्हा संपादन करायची तर एकेका धुऱ्यावर भांडावं लागतं आणि दाम कितीतरी पट मोजावा लागतो. हे ध्यानात आल्यावर तिथल्या संसदेने १९८३ मध्ये कायदा केला. बंद होऊ घातलेली लाइन मोडून न काढता एखाद्या संस्थेच्या किंवा सरकारी खात्याच्या हवाली करायची, त्यांनी ती वाट म्हणून वापरायची आणि सांभाळायची, आणि उद्या रेल्वेची गरज पडली तर जागा परत द्यायची. बँकेत ठेव ठेवावी तशी ही जमीन ठेवली जाते. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. अशा ठेवीतून पुन्हा गाडी सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत.

शकुंतलेच्या जागेची अशी ठेव आज कुणाच्याच नावावर नाही. आपल्याकडे असा कायदाही नाही. गाडी बंद झाली की जागा तांत्रिकदृष्ट्या रेल्वेची, कराराने कंपनीचीही गुंतवणूक, आणि प्रत्यक्षात कुणाच्याच देखरेखीत नाही. अशा जमिनीवर काय काय होतं हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. पांदण रस्त्यांचं काय झालं ते प्रत्येक गावाने पाहिलं आहे: दोन्ही बाजूंचे धुरे दरवर्षी वीतभर पुढे सरकतात आणि वीस वर्षांत पांदण नकाशापुरतीच उरते.

आता जगातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा कोरडा प्रदेश आहे. विरळ वस्ती, मेंढपाळांची शेतं, छोटी छोटी गावं. तिथली रेल्वे १९९० मध्ये बंद झाली. १९९३ मध्ये निसर्गरक्षण खात्याने जागा घेतली, स्थानिक लोकांच्या एका विश्वस्त मंडळाने पैसा उभा केला, आणि २००० साली मिडलमार्च ते क्लाइड अशी सुमारे दीडशे किलोमीटरची वाट खुली झाली. वाटेकडेच्या शेतकऱ्यांचा सुरुवातीला विरोध होता. बाहेरची माणसं शेतातून जाणार, फाटकं उघडी टाकणार, जनावरं बिथरणार! पण वाटसरू आले तसे गावातले बंद पडलेले खानावळीचे दरवाजे उघडले, ज्या घरांत म्हातारी दोन माणसं उरली होती त्यांनी एक खोली पाहुण्यांना दिली, आणि सायकली भाड्याने देणारे, सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पोचवणारे असे नवे धंदे निघाले. प्रवासी एक छोटी पुस्तिका जवळ ठेवतात आणि वाटेतल्या ठिकाणी तिच्यावर शिक्का मारून घेतात. चार-पाच दिवस सायकल चालवून ती शिक्क्यांनी भरलेली पुस्तिका घरी नेण्यात मुलांना जो आनंद होतो, त्याची कल्पना करा. शकुंतलेकडे तर पुठ्ठ्याच्या तिकिटाची आठवण आहे. प्रत्येक स्टेशनावर पंच मारलेलं असं तिकीट इथे सहज चालेल.

स्पेनमध्ये १९९३ पासून बंद लाइनींच्या अशा वाटा केल्या जात आहेत आणि आज त्यांची लांबी ३००० किलोमीटरांहून जास्त आहे. त्यातली एक अंदलुसियात आहे. तिथे ऑलिव्हचं तेल नेणारी गाडी होती, तिच्या जागी झालेल्या वाटेचं नावच तेलाची वाट असं आहे. सव्वाशे किलोमीटर दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं. वऱ्हाडात याच्या जागी कापूस, तूर, हरभरा आणि संत्रा ठेवा.

आता मूर्तिजापूरहून उत्तरेला निघू. डिसेंबरचा महिना धरा, सकाळचे साडेसहा. रेल्वेच्या भरावावरून चालण्यात एक सुख आहे जे साध्या रस्त्यावर नाही: इंजिनाला चढ सोसत नाही. शंभर मीटरांत एखादा मीटर चढ आला तरी लहान इंजिनाला जोर लावावा लागे. त्यामुळे ही लाइन टाकणाऱ्यांनी खोलगट जागी भराव घातले आणि उंचवटे कापून काढले. साठीतला माणूसही इथे न थांबता दहा किलोमीटर चालेल, दहा वर्षांची पोर सायकल चालवेल. भराव आजूबाजूच्या वावरांपेक्षा उंच असल्याने दोन्हीकडचा कापूस नजरेच्या खाली पसरलेला दिसतो.

पुढे लाखपुरी आणि पूर्णा नदी. पूर्णा ओलांडल्याशिवाय ही लाइन अचलपूरला जाऊच शकत नाही, म्हणून या वाटेवरचं सर्वांत मोठं बांधकाम इथेच. नदीपलीकडे दर्यापूर. इथल्या स्टेशनचं नाव बनोसा. जवळच लासूरला आनंदेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. त्याच्या दगडी खांबांकडे पाहायला विदर्भाबाहेरचे फार थोडे लोक येतात, आणि मला याची खंत वाटते. मग लेहगाव, आणि त्यापुढे कापूसतळणी. ज्या पिकासाठी रेल्वे आली ते पीक इथे गावाच्या नावातच आहे. मग अंजनगाव सुर्जी. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथे झाला आणि उत्तरेतला मराठ्यांचा मोठा मुलूख हातचा गेला. अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपरी प्रसिद्ध आहे. उघड्या कापसाच्या रानातून आलेल्या माणसाला पानमळ्याची दाट ओली सावली भेटली की हवा बदलल्यासारखी वाटते. इथून पुढे उत्तरेला गाविलगडाच्या रांगा स्पष्ट दिसू लागतात. पथ्रोट मागे पडलं की शेवटी अचलपूर: इमादशाहीची राजधानी, हौज कटोरा, फिनले मिल, आणि पलीकडे चिखलदऱ्याला चढणारा रस्ता. पायी पाच दिवस, सायकलने दोन.

याच पट्ट्यात आणखी एक धागा आहे, आणि वाट चालवण्याचा विचार करताना तो मला सारखा आठवतो. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांचं लहानपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. म्हणजे शकुंतलेच्या एका टोकाजवळ जन्म आणि दुसऱ्या टोकाजवळ वाढ. हातात खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधून घेतल्या. वाट चालवायला मुळात लागतात त्या याच दोन गोष्टी: रोजची झाडलोट आणि रात्रीचा निवारा. वऱ्हाडाला चालण्याचीही सवय आहे. अकोला, अकोट, दर्यापूरकडून शेगावला पायी जाणारे लोक दरवर्षी किती निघतात ते रस्त्यावर दिसतंच. त्यांना पाणी देणारे, चहा देणारे, ओसरी मोकळी करून देणारे लोक गावोगाव आहेत. पायी येणाऱ्याचं कसं करायचं हे इथे कुणाला शिकवावं लागणार नाही.

शिकावं लागेल ते जमिनीचं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत हात जाईल एवढी ती फाटते. या मातीवर नुसता डांबराचा किंवा काँक्रीटचा थर दिला तर दोन वर्षांत तो लाटांसारखा होतो. रेल्वेच्या भरावावर खडी आहे, हे आपलं मोठं भांडवल. त्या खडीवर सरळ चालता येत नाही, पाय मुरगळतो, सायकल तर जातच नाही. पण ती खडी पसरून दाबावी, वर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवावा, मध्यभाग थोडा उंच आणि कडा उतरत्या ठेवाव्यात, दोन्ही बाजूंच्या चाऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. एवढं केलं की पाणी थांबत नाही आणि वाट टिकते. मुरमाची दुरुस्ती गावातला माणूस फावड्याने करू शकतो. डांबरासाठी कंत्राटदाराची वाट पाहावी लागते. म्हणून रुंदी दोन-अडीच मीटर, मुरमाची, आणि डांबराचा मोह अजिबात नको. पुलांवर मात्र हात आखडता घेऊन चालणार नाही. स्लीपरांच्या मधून खाली नदी दिसते. तिथे सलग फळ्यांचा किंवा जाळीचा तळ आणि दोन्ही बाजूंना छातीइतका कठडा बसवल्याशिवाय एकाही माणसाला त्यावरून सोडू नये. पूल तपासून घेण्याचं काम अभियंत्याचंच, तिथे गावकीचा अंदाज उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणली तरी ते पिण्याच्या कामाचं नाही, आणि सतत दिलं तर जमीनही बिघडते. बाहेरून आलेला सायकलस्वार पहिल्या हापशाचं पाणी तोंडात घेऊन थुंकेल. दर पाच किलोमीटरवर गोड्या पाण्याची सोय लागेल: नळयोजनेच्या पाण्याची टाकी, नाहीतर जुन्या पद्धतीची पाणपोई, मातीचे रांजण आणि त्यांच्याजवळ एक माणूस. ही सोय नसेल तर लोक प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन येतील आणि त्या बाटल्या वावरांत उडतील.

तिसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत ही वाट बंद ठेवणंच शहाणपणाचं. पावसाळ्यातही बंद. मोसम दिवाळीनंतर सुरू आणि होळीला संपला असा सरळ हिशोब ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, बोरं, तुरीच्या ओल्या शेंगा. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुललेला. चार महिन्यांचा मोसम कमी वाटेल, पण शेतकऱ्याच्या घरासाठी तो चांगला आहे, कारण उरलेल्या आठ महिन्यांत त्याला पाहुण्यांकडे पाहायला सवड नसते. झाडं मात्र आजच लावायला हवीत. कडुनिंब सगळ्यांत आधी: त्याला खारी जमीन सोसते, ढोरं पाला खात नाहीत आणि सावली दाट पडते.

आता शेतकऱ्यांविषयी. वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्याची वावरं आहेत त्याची भीती खरी आहे. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, संत्रा वाटसरूंनी ओरबाडला तर? भरावाच्या झाडोऱ्यात रोही आणि डुकरं दबा धरून राहिली तर? रोह्याचा कळप एका रात्रीत एकर साफ करतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. म्हणून वाट आखताना पहिली बैठक शेतकऱ्यांची घ्यायला हवी, आणि तिथे त्यांना काहीतरी ठोस मिळालं पाहिजे. ते ठोस माझ्या मते हे आहे: ज्या ज्या ठिकाणी भराव वावरांना लागून जातो तिथे त्याच्या कडेने बैलगाडी आणि लहान ट्रॅक्टर जाईल अशी वहिवाट त्यांना कायदेशीर द्यावी. राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी योजना काढली आहे. तिचा पैसा आणि रोजगार हमीचं काम इथे जोडता येईल. ज्याचा माल त्या वाटेने बाहेर निघतो तो माणूस त्या वाटेवर नांगर घालणार नाही. रूळवाट आणि पांदण यांचा मेळ घातला तर वऱ्हाडात ती टिकेल, नुसती पर्यटकांसाठी केली तर नाही. याबद्दल मला शंका नाही.

देखभालीसाठी नवं काही शोधायची गरज नाही, रेल्वेनेच ती पद्धत घालून दिली आहे. प्रत्येक लाइनीवर गँग असे, तिच्यावर मुकादम असे, आणि की-मॅन रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपला पाच-सहा किलोमीटरचा टप्पा चालून काढी. सैल झालेली चावी ठोकायची, खचलेली खडी सारायची, काही मोठं बिघडलं असेल तर लाल झेंडी. ही वाटही तशीच टप्प्याटप्प्याने वाटून द्यावी. पाच-सहा किलोमीटरला एक माणूस, त्याच गावचा, शक्य तिथे बाई. रोज एक फेरी: काटे छाटणं, प्लास्टिक उचलणं, पाण्याचे रांजण भरणं, पडलेली फांदी बाजूला करणं. अचलपूर बाजूच्या ७६ किलोमीटरला अशी बारा ते पंधरा माणसं पुरतात. त्यांचा पगार मोसमाचा नव्हे, बारा महिन्यांचा असला पाहिजे. अशा वाटा बांधताना पैसा मिळतो, फोटो निघतात, आणि तिसऱ्या वर्षी झाडणारा माणूस नाही म्हणून बाभळी वाढतात. बांधकामाच्या खर्चातला मोठा वाटा पहिल्याच दिवशी देखभालीसाठी बाजूला काढून ठेवावा.

जुनी स्टेशनं ही या वाटेची घरं होतील. कौलारू छप्पर, एक खिडकी, बाहेर बाक एवढं असलं तरी पुरे. ती पाडून नवी सिमेंटची स्वागतकक्षं बांधू नयेत. एका खोलीत बचत गटाच्या बायकांनी चूल पेटवावी. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी, मागणी असेल तेव्हा रोडगे. दुसऱ्या खोलीत गावाची माहिती. आणि स्वच्छतागृह, कुलूप लागणारं, पाणी असलेलं. बायका आणि मुली या वाटेवर एकट्यादुकट्या येतील की नाही हे त्यावरच ठरेल. अंधार पडण्याआधी वाट बंद करावी आणि शेवटच्या टप्प्याचा माणूस फेरी मारून कुणी मागे राहिलं नाही ना ते पाहील, असा नेम ठेवावा.

सगळ्याच बंद लाइनींवर वाट करावी असं मात्र मला वाटत नाही. अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटर गेज लाइन सुमारे पावणेदोनशे किलोमीटरची. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी तिच्यावरची गाडी थांबली. अकोला ते अकोट मोठी लाइन झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर गाडीही सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र जुनी लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पात शिरते आणि चाळीस किलोमीटरच्या आसपास त्या जंगलातून जाते. धूळघाटजवळ चढ काढण्यासाठी लाइनीने पूर्ण वेटोळं घेतलं आहे, गाडी स्वतःच्याच मार्गावरून वर जात असे. रेल्वेच्या अभियांत्रिकीचा हा सुंदर नमुना. १९७४ पासूनच्या, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एका प्रकल्पातली ही जागा आहे. मोठी लाइन जंगलाबाहेरून न्यावी असा आग्रह राज्य सरकारने धरला आणि तो योग्यच होता. मग त्याच जागेवर सायकली आणायच्या, डोंगरउतारावर हॉटेलं काढायची, हे कसं पटेल? गाडी थांबल्यापासून तिथे रात्री शांतता आहे. ती वाघांची आणि अस्वलांची राहू द्यावी. धूळघाटचं वेटोळं पाहण्याची इच्छा मलाही आहे, पण ती बाजूला ठेवता येते. शकुंतलेच्या मोकळ्या मैदानी पट्ट्यात कुणाचं रान हिरावून घेतलं जात नाही, म्हणून तिथे वाट हवी.

एक सावधगिरीही सांगायला हवी. हे वाचून कुणी उद्या सकाळी रुळांवरून चालायला निघू नये. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांना पोलिसांनी अडवलं ते याच कारणाने, आणि तिथे तर गाड्या धावतात. शकुंतलेची वाट व्हायची तर आधी रेल्वे, कंपनी आणि राज्य सरकार यांच्यात लेखी करार लागेल: जागा कुणाच्या नावाने, किती वर्षांसाठी, आणि रेल्वे परत आली तर किती महिन्यांत मोकळी करायची. वर सांगितलेली अमेरिकन ठेवीची कल्पना इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

या कराराला वर्षं लागतील. तोपर्यंत भराव मात्र जागेवर राहिला पाहिजे, आणि ते काम लाइनीवरच्या गावांच्या हातात आहे. मुरमासाठी भराव कापला जातो, रूळ चोरीला जातात, धुरे सरकतात, आणि हे सगळं गावाच्या डोळ्यांदेखत होतं. तुमचं गाव मूर्तिजापूर ते अचलपूर किंवा मूर्तिजापूर ते यवतमाळ या लाइनीवर असेल, तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: आपल्या शिवारातला शकुंतलेचा भराव कुणी कापणार नाही, त्यावर कुणी बांधणार नाही, आणि दरवर्षी त्याच्या दोन्ही बाजूंना गाव कडुनिंब लावेल. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्या आणि एक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाला पाठवा.